ओंडक्यातलं बिऱ्हाड

सकाळचे पावणेनऊ. काल अमावास्या झाली, उधाणाचे दिवस आहेत, आणि सुवालीच्या किनाऱ्यावर समुद्र शोधावा लागतो आहे. आहे तो लांब, एक राखाडी रेघ होऊन. मधे नुसतं ओलं मैदान. आधी काळपट वाळू, मग वाळू की चिखल हे पाय टाकल्याशिवाय न कळणारा पट्टा, आणि त्याच्यापुढे निव्वळ गाळ.

"तठे जावानं नही, वहिनी," भाऊजी मोटारसायकल स्टँडवर लावता लावता बजावतात. ते रात्रपाळी करून थेट आलेत. पायात कंपनीचे लोखंडी टोपीचे बूट, डोळे तांबारलेले. हजीऱ्याच्या एका कारखान्यात ते फिटर आहेत आणि रविवारची झोप मोडून मला इथं आणल्याबद्दल माझ्यावर त्यांचं एक बिर्याणीचं देणं आहे.

डावीकडे, दक्षिणेला, बंदराच्या क्रेन दिसतात, त्यांच्या मागे चिमण्या. खत, वायू, पोलाद, सगळं त्या बाजूला. तापी तिकडेच समुद्राला मिळते. उजवीकडे मात्र काही नाही. वेडी बाभूळ, वाळूचे उंचवटे, आणि पाण्याच्या कडेनं चोची खुपसत चाललेले पाणपक्षी. खंभातचं आखात तोंडाशी रुंद आणि आत चिंचोळं, म्हणून भरतीचं पाणी आत शिरताना चढत जातं. भावनगरला उधाणाला दहा मीटरच्या वर फरक पडतो. इथं त्याहून कमी, पण आत्ता मी जिथं उभी आहे तिथं दुपारी माझ्या डोक्यावरून पाणी असेल.

भरतीनं कचऱ्याची जी रेघ मागे ठेवली आहे तिच्यावर ओंडका पडलाय. पुरुषभर लांब, मांडीएवढा जाड, साल बरीचशी गेलेली. एका टोकाला जुन्या दोराचा वेढा. लांबून पाहिलं तर धड लाकूड वाटतं. जवळ गेल्यावर दिसतं की सगळ्या अंगावर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं आहेत. काही इतकी बारीक की पेन्सिलीचं टोकही जाऊ नये, काही ज्वारीच्या दाण्याएवढी.

"वाळवी," भाऊजी निकाल देतात.

मी ओल्या लाकडावर तळवा दाबते. दोन भोकांतून पाण्याची बारीक चिळकांडी उडते आणि भाऊजींच्या बुटावर पडते. ते मागे सरकतात. वाळवी असं करत नाही.

किनाऱ्याच्या वरच्या अंगाला नारळवाला अजून दुकान मांडतो आहे. रविवारची सुरतेहून येणारी गर्दी अकरानंतरची. त्याच्याकडून कोयता मिळतो, पण "धार खराब ना करशो" अशी ताकीद ऐकून. भाऊजी ओंडक्याच्या टोकावर, तंतूंच्या दिशेनं, दोन नेमके घाव घालतात. यंत्रावर काम करणाऱ्याचा हात. तिसऱ्या घावाला चार बोटं जाडीची ढलपी सुटते आणि आतलं उघडं पडतं.

आत लाकूड कमी आणि खोल्या जास्त आहेत.

प्रत्येक खोली पेरूच्या आकाराची, म्हणजे दाराशी निमुळती आणि आत फुगीर. भिंती गुळगुळीत, घासून काढलेल्या. आणि प्रत्येक खोलीत एक पांढरा शिंपला, डोकं आत आणि शेपूट दाराकडे करून, इतका घट्ट बसलेला की खोली त्याच्या अंगावर शिवलीय असं वाटावं. मी चिमट्यानं एक सोडवते. करंगळीच्या पहिल्या पेराहून थोडा मोठा. दोन झडपा आहेत, म्हणजे शिंपलाच. पण तिसऱ्यांची सवय असलेल्या माझ्या डोळ्याला हा चुकीचा वाटतो. माझं माहेर रत्नागिरीचं. भाट्याच्या खाडीत ओहोटीला बायका वाकून तिसऱ्या वेचतात त्या मी लहानपणापासून पाहिल्यात. तो चपटा, गोलसर, दोन्ही बाजूंनी मिटणारा, पोटाशी धरावासा वाटणारा शिंपला. हा लांबोडका. पुढून फुगलेला, मागे निमुळता. मधून एक तिरकी खाच गेलेली, जणू दोन वेगळे शिंपले जोडलेत. खाचेच्या मागचा भाग साधा, वाढीच्या रेघा असलेला. पुढचा भाग मात्र भिंगाखाली धरताच माझ्या तोंडून आवाज निघतो.

"बघू," भाऊजी भिंग ओढून घेतात. थोडा वेळ गप्प. मग म्हणतात, "वहिनी, ही तर कानस आहे."

कानसच आहे. पुढच्या अर्ध्या भागावर बारीक कंगोऱ्यांच्या ओळी आणि प्रत्येक कंगोऱ्यावर दाते. ज्याचं आयुष्य धातू घासण्यात गेलं त्यानं दिलेलं नाव, मी दुसरं शोधत नाही.

याचं शास्त्रीय नाव मार्टेसिया स्ट्रायटा. लिनियसनं 1758 साली याची नोंद केली तेव्हा याला फोलास या गटात टाकलं होतं. दगड, चिकणमाती आणि लाकूड पोखरणाऱ्या शिंपल्यांच्या घराण्यात. जगातल्या जवळजवळ सगळ्या उष्ण समुद्रांत हा सापडतो आणि आपल्या दोन्ही किनाऱ्यांवर आहे. कोणी तो कुठं राहतो असं विचारलं तर समुद्राचं नाव सांगून भागत नाही. तो लाकडात राहतो. तरंगणाऱ्या ओंडक्यात, होडीच्या तळात, धक्क्याच्या खांबात, तिवराच्या मेलेल्या बुंध्यात. वाळूत नाही, चिखलात नाही. पाणी खारं हवं आणि त्यात जमिनीवरचं झाड हवं.

अंड्यातून निघालेलं पिल्लू आधी पाण्यात मोकळं पोहतं, नजरेला न दिसण्याइतकं लहान. लाकूड भेटलं की त्यावर टेकतं आणि कामाला लागतं. तेव्हा शिंपल्याची पुढची बाजू उघडी असते आणि तिथून एक मांसल पाय बाहेर येतो. तो पाय लाकडाला चिकटून धरतो, पुढचे आणि मागचे स्नायू आलटून पालटून आवळतात, झडपा डुलतात, कंगोरे घासतात. मग पाय थोडा सरकतो, शिंपला थोडा वळतो, पुन्हा घासणं. म्हणून भोक गोल. पण शरीर वाढत जातं तसं घर आतूनच मोठं करायचं असतं. दार पहिल्या दिवशी जेवढं होतं जवळजवळ तेवढंच राहतं. थोड्याच काळात आतला जीव दारापेक्षा कितीतरी मोठा होतो. आता बाहेर पडणं नाही. मागच्या बाजूनं दोन नळ्या दारापर्यंत पोचवायच्या, एकीनं पाणी ओढायचं, दुसरीनं टाकायचं, आणि पाण्यातून जे सूक्ष्म अन्न येईल त्यावर जगायचं. लाकूड त्याचं मुख्य जेवण नाही. ते घर आहे.

"म्हणजे भाडं भरत नाही आणि घर खातही नाही," भाऊजी म्हणतात. "मग पोखरतो कशाला?"

"राहायला."

त्यांना हे पटतं. पटायला वेळ लागत नाही, कारण ते सतरा वर्षांपूर्वी शहाद्याकडून सुरतेला आले तेव्हा लिंबायतमध्ये एका खोलीत नऊ जण राहत होते.

मी दुसरी ढलपी उलटते. इथं वस्ती दाट आहे. खोल्यांच्या मधे कागदाएवढी भिंत उरलीय आणि कुठं तीही नाही. गंमत अशी की इथले शिंपले हरभऱ्याएवढे आहेत आणि तरीही पूर्ण वाढलेले. हे कसं ओळखायचं ते सोपं आहे: पूर्ण वाढ झाली की पुढची उघडी बाजू चुन्याच्या एका पातळ, अर्धपारदर्शक घुमटानं बंद होते. पाय झडतो, पोखरणं कायमचं थांबतं. मोकळ्या जागेत हा प्राणी चार सेंटीमीटरच्या पुढेही जातो. गर्दी असली, शेजाऱ्याची भिंत लागली, की तो आहे त्या मापात घुमट घालतो आणि तिथंच थांबतो. वयानं मोठा, अंगानं लहान. पिल्लं मात्र घालतो.

भाऊजी तो हरभरा तळहातावर घेऊन बघत राहतात.

"आमच्या खोलीतला पारोळ्याचा एक पोरगा," ते म्हणतात, "असाच होता. तिथंच लग्न केलं, तिथंच दोन लेकरं." आणि हसतात.

त्याच ओंडक्यात भाडेकरूंची दुसरी जात आहे, आणि तिची गोष्ट वेगळी. ढलपीच्या खालच्या बाजूला, लाकडाच्या तंतूंबरोबर, लांबच लांब बोगदे गेलेत. आतून चुन्याचा पातळ लेप. एका बोगद्यातून मी चिमट्यानं काहीतरी ओढते ते येतच राहतं, पांढुरकं, मऊ, गांडुळासारखं, वीतभर. भाऊजी तोंड फिरवतात. हा जहाजं पोखरणारा तो कुप्रसिद्ध किडा, आणि हाही किडा नाही. हाही शिंपलाच. झडपा आहेत, फक्त त्या डोक्याच्या टोकाला दोन इवल्या वाट्यांसारख्या उरल्यात आणि लाकूड किसायच्या कामाला जुंपल्यात. शेपटीकडे दोन चिमुकल्या चुनखडी फळ्या आहेत; धोका वाटला, ओंडका कोरडा पडला, की त्या दारात बुचासारख्या बसतात आणि आतला जीव ओल टिकवून दिवसच्या दिवस तग धरतो. हा मात्र खरोखर लाकूड खातो. त्याच्या कल्ल्यांमध्ये राहणारे जिवाणू लाकूड पचवणारी विकरं पुरवतात, तेव्हा त्याला ते जमतं. हा प्राणी किडा नसून मृदुकाय आहे हे गॉटफ्रिड सेलियस यानं 1733 साली नीट मांडलं. त्याआधी दोनच वर्षं हॉलंडमध्ये समुद्र अडवणाऱ्या बांधांचे लाकडी खांब या प्राण्यानं पोखरून निकामी केल्याचं उघड झालं होतं. शेवटी तिथल्या लोकांना लाकूड सोडून दूरदेशीचा दगड आणावा लागला.

"खातात का कोणी?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. फिलिपिन्समधल्या पालावान बेटावर तिवराच्या लाकडातून हे काढून व्हिनेगरमध्ये बुडवून कच्चे खातात. तामिलोक म्हणतात. भाऊजी आधी माझ्याकडे आणि मग त्या वीतभर लोंबणाऱ्या प्राण्याकडे बघतात.

"तुमच्या कोकणात काहीही खातात."

"फिलिपिन्स म्हटलं मी."

"एकच ते."

ऊन आता वर आलंय. समोरच्या रेघेच्या अलीकडे वाळूची एक पाठ उघडी पडली आहे आणि तिच्या नि किनाऱ्याच्या मधे पाण्याचा पट्टा राहिलाय. इतिहासाच्या पुस्तकात सुवालीचं नाव आहे ते अशाच पट्ट्यामुळे. तापीच्या मुखाशी गाळाची आडवी भिंत, त्यामुळे मोठी जहाजं सुरतेपर्यंत जात नसत. ती इथं, वाळूच्या बांधाच्या आडोशाला नांगर टाकत आणि माल बैलगाड्यांनी नाहीतर लहान होड्यांनी शहराकडे जाई. 1612 च्या नोव्हेंबरअखेर थॉमस बेस्ट याच्या रेड ड्रॅगन आणि होझियँडर या दोन जहाजांनी याच पाण्यात पोर्तुगीजांच्या चार मोठ्या गलबतांशी झुंज दिली, आणि त्यानंतर सुरतेत इंग्रजांची वखार पक्की झाली. सप्टेंबर 1615 मध्ये इंग्रज वकील सर थॉमस रो जहांगीरच्या दरबारी जायला निघाला तो इथंच उतरून. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराजांची फौज सुरतेवर आली तेव्हाही ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं सुवालीला उभी होती आणि त्यांवरचे खलाशी शहरातल्या वखारीच्या बचावाला नेले गेले.

या सगळ्या कथांत तोफा आहेत, फर्मानं आहेत, नजराणे आहेत. पाण्याखालची बाजू कोणी सांगत नाही. मला तीच खरी वाटते. ती जहाजं लाकडाची होती, आणि या कोमट पाण्यात महिनोन्‌महिने नांगरून पडत. माल भरेपर्यंत, परवाना मिळेपर्यंत, वारा फिरेपर्यंत. वर कप्तान अत्तरदाणी घेऊन बसलेला आणि खाली तळात हे भाडेकरू घरं बांधत असलेले. इंग्रजांकडे त्यावर एक तोडगा होता: तळाच्या फळ्यांवर डांबर आणि जनावरांचे केस थापायचे आणि वरून पातळ फळ्यांचा दुसरा थर ठोकायचा. किड्यानं बाहेरची फळी खावी, केसांपाशी अडावं. जहाज परत गेलं की तो थर काढून नवा. म्हणजे मेजवानी द्यायची, पण ओसरीवर. तांब्याचा पत्रा यायला पुढे दीडशे वर्षं लागली. ब्रिटिश आरमारानं तो एचएमएस अलार्मवर आजमावला 1761 मध्ये.

आपल्याकडचं उत्तर साधं होतं आणि ते झाडातच होतं. साग. सागाला हे प्राणी अजिबात शिवत नाहीत असं नाही, पण बाकी लाकडं भुसभुशीत होऊन जातात तेव्हाही साग टिकून असतो. वर चुना आणि तेलाचा जाड लेप. लवजी नसरवानजी वाडिया हा सुरतेचा जहाज बांधणारा पारशी सुतार 1736 मध्ये कंपनीनं मुंबईला नेला, आणि त्याच्या घराण्यानं तिथं पुढे दीडशे वर्षं सागवानी जहाजं बांधली. त्यांतलं एचएमएस त्रिंकोमाली 1817 साली पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. सुरतेनं मुंबईला काय दिलं याची यादी लोक करतात तेव्हा हिरे-कापडाआधी हा सुतार यायला हवा, असं माझं मत आहे.

"आ ओंडको तमारो छे?"

मागे एक म्हातारा कोळी उभा आहे. खांद्यावर जाळ्याचा गठ्ठा, लुंगी गुडघ्यावर. त्याच्या हातातल्या टोपलीत थोडे बोंबील आहेत, इथले बूमला, काचेसारखे.

ओंडका आमचा नाही हे कळल्यावर तो निवांत होतो, उकिडवा बसतो आणि माझ्या हातातल्या शिंपल्याकडे एक नजर टाकतो. त्याला भिंग लागत नाही. "जीवडो," म्हणतो. लांब बोगदेवाला वेगळा आणि हा आखूड भोकवाला वेगळा, हे त्याला ठाऊक आहे. आखूडवाला बरा, असं त्याचं म्हणणं. तो दिसतो तरी. लांबवाला बाहेरून काही कळू देत नाही, फळी वरून साबूत आणि आतून पोकळ, एक दिवस पाय आरपार. त्याच्या काकांची होडी अशी गेली.

त्याची स्वतःची जुनी होडी वर बाभळीच्या आडोशाला पालथी घातलेली आहे. दाखवतो. लाकडी, निळ्या रंगाचे पोपडे अजून शिल्लक, तळाला तांबड्या रंगाचा हात. त्या तांबड्या रंगात तांबं असतं, ते या जीवांना मानवत नाही. कडेच्या फळीत मात्र रंग गेलेला आणि तिथं ओळखीची भोकं. म्हातारा एका भोकात काडी घालतो आणि ती सहज जाते. फळ्यांच्या सांध्यांत ठोकलेला कापूस दोऱ्यासारखा लोंबतोय.

पूर्वी काय करत, मी विचारते. तो गुजराती आणि हिंदी मिसळून सांगतो. पावसाळ्यात होडी वर ओढायची, ती वाळली की आतलं सगळं मरतं. ओढल्यावर तळाखाली गवताचा जाळ फिरवायचा, फळी जळणार नाही पण तापेल इतपत. मग तेल. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे नदी. होडी तापीत वर न्यायची, गोड्या पाण्यात थोडे दिवस ठेवायची. खाऱ्या पाण्याचा जीव, गोडं पाणी त्याला सोसत नाही.

"हवे नदीमां मीठुं पाणी ज क्यां छे," तो म्हणतो.

भाऊजी चमकतात, मराठी कानाला ते मिठाचं पाणी ऐकू येतं. मीठुं म्हणजे गोड, मी सांगते. तापी मुलताईहून निघते आणि 724 किलोमीटर वाहून इथं येते, पण उकाईच्या धरणानं 1972 पासून तिचं पाणी धरलंय, आणि सुरतेत सिंगणपोरच्या कॉजवेला भरती अडते. वर गोडं, खाली खारं, आणि मधे दार. होडी वर न्यायची कुठून? भाऊजींचं गाव तापीकाठी, प्रकाशाच्या जवळ. ओंडका पाहिल्यापासून तो आपल्याकडूनच वाहत आलाय अशी त्यांची मनातून खात्री होती. उकाईचं नाव ऐकून ती बारगळते.

म्हाताऱ्याची आताची होडी फायबरची. ती खाडीत आहे, भरती आली की निघायचं. तिला जीवडो लागत नाही. "पण फुटली तर सुतार काही करू शकत नाही," असं त्याच्या बोलण्याचं तात्पर्य. त्याच्या मुलाला होडीच नको आहे; तो त्या चिमण्यांखाली कंत्राटावर जातो.

खाडी शंभर पावलांवर. काठाला तिवरं, गुडघ्याएवढ्या मुळ्या चिखलातून वर आलेल्या, त्यांच्यामधे निवट्या उड्या मारतायत. सुरतेच्या बाजारात हेच लेवटा म्हणून जिवंत विकले जातात. चिखलात एक मेलेला तिवर आडवा पडलाय आणि त्याच्या बुंध्यावर भोकं. इथं कोणाचं नुकसान होत नाही. झाड पडतं, हे पोखरतात, बुंधा स्पंजासारखा होतो, मग रिकाम्या खोल्यांत दुसरे येऊन राहतात. माझ्या डोळ्यांदेखत एका भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर डोकावतो आणि आम्हाला बघून आत जातो. मालक केव्हाच मेलेला असणार. शिंपल्याची झडप दाराशी तशीच आहे. आपण ज्याला लाकडाचा नाश म्हणतो तो नसता तर नद्यांनी समुद्रात लोटलेलं सगळं लाकूड किनाऱ्यांवर कुजत पडलं असतं, आणि ते लवकर कुजलंही नसतं. होडीवाल्यापुढे हे बोलायची माझी हिंमत नाही.

भाऊजींना मात्र त्यांच्या कामाची शंका आलीय. "आमच्या जेट्टीचे पाइल?"

ते पोलादाचे आणि काँक्रीटचे, मी म्हणते, त्यांना हा काही करत नाही. पण एक सांगून ठेवते. समुद्रतळाशी टाकलेल्या तारांच्या शिशाच्या आवरणात या मार्टेसियानं भोकं पाडल्याची नोंद आहे, 1960 साली त्यावर शास्त्रीय लेखही आला. पीव्हीसीच्या नळांतही तो सापडलाय. लाकूड हेच त्याचं घर; पण कानस ती कानस, मऊ काही समोर आलं तर घासून बघते.

"शिसं?" भाऊजींना अचानक त्या हरभऱ्याबद्दल आदर वाटू लागतो. खिशातून तो काढून पुन्हा बघतात. मी पाहिलंच नव्हतं त्यांनी खिशात टाकलेला.

म्हातारा हात वर करतो. पाणी आलं. मला अजून काही दिसत नाही, फक्त खाडीच्या तळातल्या ओघळानं दिशा बदलली आहे. मघाशी समुद्राकडे जाणारा फेस आता आत येतोय. मग दिसायला लागतं. चिखलाच्या घड्यांमधून पाण्याची जीभ सरकत येते, चालीच्या वेगानं, आवाज न करता, आणि निवट्या तिच्या पुढे पुढे पळतात. सुवालीत दर वर्षी माणसं बुडतात ती यामुळेच. समोर लक्ष ठेवून उभं राहावं तर पाणी मागच्या ओघळातून येऊन वाट बंद करतं.

आम्ही वाळूवर परत येतो तोवर ओंडक्याला दोर बांधला गेलाय. म्हाताऱ्याचा नातू आणि आणखी दोन पोरं तो वर ओढतायत. चुलीला. मीठ मुरलेलं लाकूड तडतडतं, धूर देतं, पण फुकटचं आहे. मी मधे पडते. मला एक हातभर तुकडा हवा आहे, महाविद्यालयातल्या मुलांना दाखवायला. पोरगा विचारतो, किती देणार? म्हातारा त्याला दरडावतो. मग स्वतःच म्हणतो, नारळवाल्याचा कोयता बोथट केलात, त्याला दोन नारळाचे द्या म्हणजे झालं. नारळवाल्याला हे मंजूर असतं, धार न बघताच.

नारळ पिऊन होतात. भाऊजी तो तुकडा गोणपाटात गुंडाळून गाडीच्या मागे बांधतायत. गोणपाटातून पाणी गळतंय, आणि मधूनच एखादी चिळकांडी अजून उडते आहे.

"घरी आईला काय सांगू?" ते विचारतात. सासूबाई माळकरी. अंगणात कोणी मासळीची पिशवी आणली तरी तुळशीजवळचं पाणी बदलतात.

"सांगा, लाकूड आहे."

"आणि आत कोण आहे विचारलं तर?"

"विचारणार नाहीत."

"त्या विचारतील," भाऊजी किक मारत म्हणतात. "तुम्ही पुढे बोला. मी बिर्याणी घेऊन मागून येतो."